पुढची गाडी डिझेल की पेट्रोल: आमच्या घरचा हिशेब

आमची २०१२ सालची डिझेल हॅचबॅक विकायचं ठरलं, तेव्हा पुढची गाडीही डिझेलच येणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्याला कारण होतं. त्या गाडीत फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन होतं. मारुतीपासून टाटापर्यंत अनेकांनी वापरलेलं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी फिटरला डोळे मिटून उघडता येईल असं इंजिन. वीसचं अ‍ॅव्हरेज तिने कधी सोडलं नाही. पण २०२७ मध्ये तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, आणि शिवाय जुने इंजेक्टर. थोडी किंमत येतेय तोवर ती द्यावी आणि नवी घ्यावी, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं.

ज्याला विचारावं तो एकच सूत्र सांगायचा: महिन्याला हजार किलोमीटरच्या वर रनिंग असेल तर डिझेल, नाहीतर पेट्रोल. ऑफिसातले सहकारी, सोसायटीतले काका, कऱ्हाडचे माझे दीर, सगळे हेच सांगत होते. आमचं रनिंग वर्षाला साधारण बारा हजार, म्हणजे बरोबर त्या रेषेवर. म्हणून मी आधी ही रेषा आली कुठून ते बघायला बसले.

ती आली ती इंधनाच्या दरांतून. पेट्रोलचे दर सरकारने जून २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधून ठेवले होते. मधल्या चार वर्षांत दोन्हींतला फरक फुगत गेला. आम्ही पहिली गाडी घेतली त्या २०१२ च्या मध्यावर आपल्याकडे पेट्रोल पंचाहत्तरच्या आसपास होतं आणि डिझेल पंचेचाळीसच्या. लिटरमागे तीस रुपयांचा फरक! त्या वेळचं साधं गणित मांडलं, पेट्रोलला १५ आणि डिझेलला २० असं अ‍ॅव्हरेज धरलं, तर किलोमीटरला पाच रुपये विरुद्ध सव्वादोन. बारा हजार किलोमीटरला वर्षाचे ३३,००० रुपये वाचत होते. डिझेलसाठी मोजलेले जादा लाख-सव्वा लाख चार वर्षांच्या आत वसूल व्हायचे. हजार किलोमीटरचं सूत्र त्या काळाला अगदी योग्य होतं.

पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढवत नेलं आणि २०१४ मध्ये तेही मोकळं झालं. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झालं होतं. मी हिशेब मांडत होते तेव्हा पुण्यात पेट्रोल १०४ च्या आणि डिझेल ९१ च्या आसपास होतं. फरक तेरा रुपयांवर आला होता. सूत्र मात्र सगळ्यांच्या तोंडी तेच राहिलं होतं, आणि मला वाटतं आजही कितीतरी जण त्याच्याच भरवशावर दीड-दोन लाख रुपये जादा मोजतात. हे सगळं लिहून काढावंसं वाटलं ते त्यामुळेच.

मला माहितीपत्रकातलं अ‍ॅव्हरेज नको होतं. ते आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर काढलेले असतात. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, पण सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत त्यांचा उपयोग नाही. सुदैवाने आम्ही ठरवलेली गाडी, चार मीटरच्या आत बसणारी छोटी एसयूव्ही, पेट्रोलमध्ये माझ्या मावसभावाकडे होती आणि डिझेलमध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे. दोघांनीही काही दिवस गाडी वापरायला दिली. पद्धत जुनीच: पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्यावर, आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी फुल. एका टाकीवर निष्कर्ष काढला नाही. शहरातली टाकी आणि हायवेची टाकी वेगळी धरली.

हायवे म्हणजे आमच्यासाठी दोनच वाटा. एक कऱ्हाड, माझं सासर. दुसरी चिपळूण, जिथे आई एकटी राहायची. पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या रस्त्यावर गाडीचं सगळं कळतं. कात्रज ते उंब्रज सरळ धाव, मध्ये खंबाटकी, पाटणच्या पुढे अरुंद वळणं, आणि परतताना चार माणसं, आंब्याच्या पेट्या, तांदळाची गोणी घेऊन कुंभार्लीची चढण.

आकडे असे आले. पेट्रोल गाडी शहरात लिटरला १२, बाहेर १७. डिझेल शहरात १५, बाहेर २०. हे अर्थातच आजच्या पेट्रोलवरचे आकडे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेजला थोडा फटका बसतोच. जुन्या पेट्रोल गाड्यांचे दहा वर्षांपूर्वीचे आकडे आठवून कोणी हिशेब करत असेल तर त्याने तो करू नये, टाकी पुन्हा मोजावी. सासरी हा विषय निघाला की वाद होतो, कारण आमचा ऊस ज्या पट्ट्यातल्या कारखान्यांना जातो त्यांच्यासाठी इथेनॉल म्हणजे वेळेवर मिळणारं बिल. मला दोन्ही बाजू पटतात. वहीत मात्र जे मोजलं तेच लिहिलं.

या आकड्यांवरून किलोमीटरचा खर्च काढला. शहरात पेट्रोल ८ रुपये ६७ पैसे, डिझेल ६ रुपये ७ पैसे. वाचले २ रुपये ६०. हायवेवर पेट्रोल ६ रुपये १२, डिझेल ४ रुपये ५५. वाचले १ रुपया ५७. मी हे दोनदा तपासलं, कारण सगळे जण उलट सांगत होते. डिझेल म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी, असं आपण म्हणतो. पैशाच्या बाजूने बघितलं तर ती किलोमीटरमागे जास्त वाचवते ती शहरात, कारण अडकत-अडकत चालताना पेट्रोल इंजिन जास्त पितं. आमचं शहरातलं रनिंग वर्षाला पाच हजार, बाहेरचं सात हजार. पहिल्याचे १३,००० आणि दुसऱ्याचे ११,०००, मिळून वर्षाला २४,००० रुपयांची बचत दिसत होती.

मग शोरूममधून दोन्हींची कोटेशनं घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तो १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलला आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला सारखाच. आधी २८ टक्क्यांवर पेट्रोलला एक आणि डिझेलला तीन टक्के सेस असायचा, ती तफावत गेली. शोरूममधल्या मुलाने हे आनंदाने सांगितलं आणि ते खरंही होतं. पण आरटीओचा एकरकमी कर तसाच होता. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३. दहा ते वीस लाखांत पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४. आमच्या पसंतीची पेट्रोल गाडी एक्स-शोरूम ९ लाख ८० हजारांची होती, तीच डिझेलमध्ये ११ लाख १० हजारांची. म्हणजे डिझेल घेताना इंधनाचे दोन टक्के वाढत होते आणि दहा लाखांची पायरी ओलांडल्याचा वर एक टक्का. पेट्रोलचा कर १,०७,८०० रुपये, डिझेलचा १,५५,४००. नुसत्या करातला फरक ४७,६०० रुपये.

ही रक्कम मी लाल पेनाने लिहिली. गाडीची जादा किंमत विकताना थोडी तरी परत येते. कर परत येत नाही. कोटेशनच्या कागदावर हा आकडा 'आरटीओ' एवढ्या एका शब्दाखाली दडलेला असतो, आणि दोन कागद शेजारी ठेवून वजाबाकी केल्याशिवाय तो दिसत नाही.

विम्यात फार फरक नव्हता. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो, आणि १२०० चं पेट्रोल व १५०० चं डिझेल दोन्ही एकाच पट्ट्यात येतात. गाडीच्या किमतीवर ठरणारा भाग डिझेलला जास्त, तो धरून पहिल्या वर्षी पाचेक हजार. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, पण तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो, म्हणून धरला नाही. एकूण ऑन-रोड फरक १ लाख ८२ हजार. तो कर्जातूनच येणार होता. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं त्यावरचं व्याज ४४-४५ हजार. झाले २ लाख २७ हजार. हे व्याज लोक जवळजवळ कधीच धरत नाहीत, आणि मला ते सगळ्यांत खटकतं. डिझेलसाठी जे जादा पैसे लागतात ते आपण खिशातून देत नाही, बँक देते.

आता गॅरेज. आमची जुनी गाडी धायरीतल्या ज्या मिस्त्रींकडे जायची त्यांच्याशी मी निवांत बोलले. त्यांना पेट्रोल-डिझेलचं प्रेम नाही, दोन्हींवर त्यांचं पोट आहे. ते म्हणाले, "ताई, तुमच्या जुन्या गाडीवरून नव्या डिझेलचा अंदाज बांधू नका. ती बीएस-४ होती. आता बीएस-६ मध्ये डीपीएफ आहे." बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचे सरकारी निकष, आकडा जितका मोठा तितके ते कडक.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळीची गाळणी. एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्यांत ती आली. धुरातली काजळी ती धरून ठेवते आणि ठरावीक भरली की ती जाळावी लागते. त्यासाठी गाडीचा संगणक थोडं जादा डिझेल सोडतो, गाळणीतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळीची राख करतो. हे काम नीट व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्या वेगाने पळावी लागते. मध्येच चावी फिरवून बंद केली की काम अर्धवट राहतं. रोज पाच-सहा किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत गेलं, तर ते रोजच अर्धवट राहतं. मग जादा सोडलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, लवकर बदलावं लागतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर वर्कशॉपमध्ये मशीन लावून काजळी जाळावी लागते, आणि गाळणीच बदलायची वेळ आली तर बिल सहज पाच आकडी होतं.

त्यांच्याकडे तेव्हाच एक गाडी उभी होती. मालकिणीचं घर आणि दवाखाना एकाच उपनगरात. गाडीचं रनिंग कमी, पण घेताना कोणीतरी सांगितलं होतं की डिझेल टिकाऊ असतं. मिस्त्रींनी डिपस्टिक काढून दाखवली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

तिथे माझ्या वहीतला शहराचा रकाना मला वेगळा दिसायला लागला. किलोमीटरला २ रुपये ६० जिथे वाचतात, नेमकं तिथेच हे इंजिन आजारी पडतं. माझं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर आहे. कागदावरचे ते १३,००० रुपये मिळवायचे तर गाळणी साफ राहावी म्हणून दर थोड्या दिवसांनी विनाकारण हायवेवर चक्कर मारायची, असा त्याचा अर्थ होत होता. आमचं महिन्यातून एक-दोनदा कऱ्हाडला जाणं व्हायचं, त्यामुळे अगदी दवाखान्याच्या गाडीसारखी अवस्था झाली नसती. पण मधल्या आठवड्यांचं काय?

सर्व्हिसिंगचा फरकही विचारला. डिझेलला ऑइल जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा लागतो, आणि काही गाड्यांत युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, वेगळं भरावं लागतं. मी वर्षाला साडेतीन हजार जादा धरले. मिस्त्रींनी मान हलवली, पण त्यांच्या मते हा आकडा पहिल्या पाच वर्षांचा. पुढे टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग), इंजेक्टर, क्लच यांचं वय झालं की डिझेलचं एकेक बिल मोठं येतं. आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांनाही टर्बो असतो, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. पेट्रोल घेतलं म्हणजे तुम्ही टर्बोच्या खर्चातून सुटलात असं समजू नका.

विकताना काय मिळेल हा सगळ्यांत धूसर भाग. विम्याच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी होते, म्हणजे १ लाख ३० हजारांच्या फरकातले पासष्ट हजार उरायला हवेत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, आठ वर्षांनी डिझेलला पेट्रोलपेक्षा किती जास्त मिळेल हे आज लिहून देणार नाही. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आपल्याकडे तसा नियम नाही. पण गिऱ्हाईक त्या बातम्या वाचतं, आणि भावात ती भीती उतरते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंदच केलं. मी पन्नास हजार धरले.

मग शेवटची बेरीज. जादा खर्च २ लाख २७ हजार, त्यातून पन्नास हजार वजा, राहिले १ लाख ७७ हजार. वर्षाची बचत २४,००० मधून सर्व्हिसिंगचे साडेतीन हजार गेले, राहिले साडेवीस. भागाकार साडेआठ वर्षांच्या पुढे जातो. आणि यात गाळणीचा एकही खर्च धरलेला नाही.

नवऱ्याला हे पटत होतं, पण मन तयार नव्हतं, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. मैत्रिणीची डिझेल घेऊन आम्ही कुंभार्ली चढलो तेव्हा मलाही ते जाणवलं होतं. पूर्ण भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनला न ताणता, एखादा तगडा बैल चिखलातून गाडी ओढतो तशी वर जात होती. कागदावर डिझेलचा टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, २६० न्यूटन-मीटर आणि पेट्रोलचा १७०. आकडा वाचणं वेगळं आणि पायाखाली ती ताकद लागणं वेगळं. पेट्रोलने त्याच वळणांवर गिअर उतरवावा लागला, इंजिनचा आवाज वाढला, पण ती अडली कुठेच नाही. घाटात ओव्हरटेक करताना मिळणारी खात्री हीसुद्धा किंमत देऊन घेण्यासारखी गोष्ट आहे असं मी मनापासून मानते. जो वारंवार घाटात असतो त्याने ती जरूर मोजावी.

निर्णय झाला तो आईमुळे. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढत चाललं होतं आणि तिने पुण्याला आमच्याकडे यायचं मान्य केलं. चिपळूणचं घर राहणार होतं, पण आमच्या फेऱ्या सणासुदीपुरत्या होणार होत्या. तोपर्यंत मी मागच्या वर्षांचं रनिंग मांडत होते. गाडी तर पुढच्या वर्षांसाठी घ्यायची होती. हायवेचे सात हजार चारवर आणले, शहरातले पाच तसेच ठेवले, तर वसुलीचा काळ अकरा वर्षांवर गेला. शिवाय आता आईला दवाखान्यात नेणं, फिजिओथेरपीला सोडणं, सगळ्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. गाळणी तुंबवायला याहून चांगली सोय नसेल. सीएनजीचाही विचार झाला, पण आईची व्हीलचेअर कधी लागली तर डिकी मोकळी हवी, म्हणून तो लवकरच सोडला.

पेट्रोल बुक केली.

कऱ्हाडला फोन करून सांगितलं तेव्हा भाऊजी नाराज झाले. "वहिनी, आपल्या घरात पेट्रोल गाडी?" असं म्हणाले. त्यांचीही गाडी बदलायला आली होती. ठिबकच्या साहित्याचा त्यांचा धंदा आहे. सांगली, कोल्हापूर, पंढरपूर असं सतत फिरणं, वर्षाला अठ्ठावीस हजार किलोमीटर तरी, आणि त्यातलं बहुतेक मोकळ्या रस्त्यावर. मी तोच तक्ता त्यांचे आकडे घालून पाठवला. हायवेच्या १ रुपया ५७ पैशांनी धरलं तरी वर्षाचे ४४,००० वाचतात. त्यांचं सर्व्हिसिंग आमच्या दुपटीने होतं, ते वजा केलं तरी ३७ हजार उरतात. विकतानाचे पन्नास हजार वजा जाता व्याजासकट उरलेला फरक पाच वर्षांच्या आत वसूल, आणि गाळणी रोज आपोआप साफ. त्यांना मी डिझेलच घ्या म्हटलं.

त्यांनी घेतली. आमच्या गाडीच्या पहिल्या काही टाक्यांचं शहरातलं अ‍ॅव्हरेज बाराच्या थोडं खालीच आलंय, एसीच्या दिवसांत आणखी उतरेल असं धरलंय. भाऊजींचं बाहेर वीसच्या वर जातंय. दोघांच्या टाक्या मी त्याच तक्त्यात भरत असते, आणि डिझेल-पेट्रोलमधला फरक वाढला किंवा घटला की वरचा एकच आकडा बदलते.